तो खोकला तिने स्वतः ओळखला

"डॉक्टर, लहानपणचं यात लिहायलाच हवं का?" फाइल पुढे सरकवत वडिलांनी विचारलं. मुलगी अठरा वर्षांची. लष्करी वैमानिक व्हायचं म्हणून लेखी परीक्षा आणि मुलाखत पार करून आलेली, आता वैद्यकीय तपासणी तेवढी उरली होती. फाइलमध्ये ती साडेतीन वर्षांची असतानाची एक चिठ्ठी होती: "बालदमा", आणि खाली पंपाचं नाव.

लिहायलाच हवं, असं मी सांगितलं. पण नुसत्या त्या शब्दावर माझाही भरवसा नव्हता. त्या वयात सर्दी झाली की छाती वाजणारी मुलं पुष्कळ असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांची घरघर शाळेत जाईपर्यंत थांबते. इतक्या लहान मुलाला यंत्रात नीट फुंकता येत नाही, म्हणून निदान स्टेथोस्कोपवर आणि आईच्या सांगण्यावरच होतं. नियमही त्यामुळे वय बघतात. अमेरिकी सैन्यदलांत तेराव्या वाढदिवसानंतरचा दमा अपात्र ठरवतो. सूट मागता येते, मिळेलच असं नाही. या मुलीला सातव्या वर्षानंतर पंप लागलाच नव्हता आणि ती रोज पाच किलोमीटर धावत होती. मला मनापासून वाटत होतं, हिची चाचणी कोरी यावी.

साधी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून श्वास मोजायची तपासणी, उत्तम आली. मग मेथाकोलिनची चाचणी लावली. दम्याकडे झुकलेली श्वासनलिका या औषधाने लगेच आवळते. आधी नुसतं सलाइन, मग औषधाची वाफ अगदी थोडी, दर खेपेला चौपट, आणि प्रत्येक वेळी पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजायचं. निरोगी श्वासनलिका मिलिलिटरमागे १६ मिलिग्रॅमपर्यंत सहसा दाद देत नाही. सुरुवातीला ३.५२ लिटर. १ मिलिग्रॅमला ३.३६. काहीच नाही. तिने वडिलांकडे बघून अंगठा उंचावला.

४ मिलिग्रॅमला ती खोकली. कोरडा, आखूड, लागोपाठ चार-पाच वेळा. पुन्हा फुंकायला लावलं तर आकडा २.७१. २३ टक्के घट. २० टक्क्यांना चाचणी थांबवतात.

तरीही मी लगेच निष्कर्ष काढला नव्हता. कसलाही त्रास नसलेल्या माणसाचीही ही चाचणी कधीकधी अशी येते. नाकाची ॲलर्जी असली तर जास्तच. लक्षणांची जोड मिळाल्याशिवाय दमा म्हणू नये. आणि लक्षण तर तिने एकही सांगितलं नव्हतं. मी पंप देत होतो, तेव्हा तीच म्हणाली, "डॉक्टर, हाच. थंडीत धावून आले की असाच खोकला येतो. मला वाटायचं, सगळ्यांनाच येतो."

खोलीत मी, टेक्निशियन आणि तिचे वडील. ती गप्प राहिली असती, तर त्या खोकल्याचं कुणाला काही कळलं नसतं.

पंधरा मिनिटांनी आकडा ३.४८ वर आला. मग मी खुर्ची ओढून त्या दोघांसमोर बसलो. लढाऊ विमानात मास्कमधून येणारा ऑक्सिजन कोरडा असतो आणि कोरड्या हवेनेच अशी श्वासनलिका आवळते. वळण घेताना शरीरावर वजनाच्या कितीतरी पट भार येतो, तेव्हा फुप्फुसाचा खालचा भाग दबतो. १८,००० फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा असतो. केबिनचा दाब अचानक गेला आणि आवळलेल्या नळीमागे हवा अडकलेली असली, तर ती फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. धावताना खोकला आला तर थांबता येतं, तिथे थांबायला जागा नाही. बोलताना माझाच घसा भरून आला होता. इतकी तयारी केलेल्या मुलीला हे सांगायचं म्हणजे सोपं नव्हतं.

वडिलांनी फाइल मिटली. "आपण अजून वैद्यकीय अर्ज दिलेला नाही," ते हळूच म्हणाले. तिने फाइल त्यांच्या हातातून घेतली आणि माझ्या टेबलावर उघडली. 'शेवटचा त्रास कधी झाला' या रकान्यात घरून पेन्सिलीने 'सातव्या वर्षी' लिहून आणलं होतं. तिने ते खोडलं, माझं पेन मागितलं आणि लिहिलं: गेला हिवाळा.