कथबर्ट : इंग्लंडच्या ईशान्येनं जपलेलं नाव

ईशान्य इंग्लंडमधल्या डरहॅम शहराच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चमध्ये, वेदीच्या मागे एका थडग्यावर साधी शिळा बसवलेली आहे. तिच्यावर लॅटिन वळणानं एकच नाव कोरलंय, कथबर्टस. आपल्याकडून पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेतो. हे कोण, असं प्रत्येक जण विचारतो, कारण आर्थर, हेन्री, विल्यम ही नावं कानावरून गेलेली असतात, कथबर्ट मात्र नाही. इंग्लंडमध्येही आज हे नाव तान्ह्या बाळाला ठेवलेलं क्वचितच आढळतं.

जुन्या इंग्रजीत दोन शब्द जोडून नावं करायची रीत होती. ‘कथ’ म्हणजे ख्यातकीर्त, ‘बर्ट’ म्हणजे तेजस्वी. रॉबर्ट, आल्बर्ट यांच्यातला ‘बर्ट’ही त्याच कुळातला. पण नाव टिकलं ते अर्थामुळे नव्हे, एका माणसामुळे.

हा कथबर्ट सातव्या शतकातला ख्रिस्ती साधू. लिंडिसफार्न बेटावरच्या मठात राहिला, मग एकांतासाठी समुद्रातल्या इनर फार्न या खडकाळ बेटावर जाऊन बसला. ६८५ मध्ये त्याला बिशप केलं, पण अखेर तो त्याच खडकावर परतला आणि २० मार्च ६८७ ला तिथेच गेला. त्या बेटांवर आयडर जातीची समुद्री बदकं घरटी करतात. त्यांना त्यानं अभय दिलं होतं असं मानतात आणि म्हणून नॉर्थम्बरलंडमध्ये त्यांना आजही ‘कडीज डक’ म्हणतात. कडी हे कथबर्टचं लाडकं रूप.

पुढची हकीकत मला फार भिडते. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी, म्हणजे उत्तरेकडून जहाजांनी येणाऱ्या लुटारूंनी, लिंडिसफार्न लुटलं. हल्ले थांबेनात, तेव्हा ८७५ मध्ये मठातल्या लोकांनी त्याची शवपेटी उचलली आणि बेट सोडलं. काही वर्षं वणवण, मग चेस्टर-ले-स्ट्रीट गावी शंभराहून जास्त वर्षं मुक्काम आणि ९९५ मध्ये डरहॅम. म्हणजे पेटी उचलणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनंतरची माणसं ती इथे घेऊन आली. आज दिसतं ते कॅथेड्रल १०९३ मध्ये बांधायला घेतलं. ११०४ मध्ये पेटी उघडली, तेव्हा आत लाल चामड्याच्या बांधणीचं एक छोटं पुस्तक मिळालं, बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान. मूळ बांधणीसकट शाबूत राहिलेलं युरोपातलं हे सर्वांत जुनं पुस्तक. २०१२ मध्ये ब्रिटिश लायब्ररीनं ते ९० लाख पौंडांना विकत घेतलं.

मध्ययुगात या मुलखातल्या रयतेला ‘पुण्यपुरुषाची माणसं’ अशा अर्थाचं नावच पडलं होतं. जेजुरीच्या पंचक्रोशीत घरोघरी खंडू आणि मल्हारी सापडावेत, तसे इथे कथबर्ट असत. ट्रफाल्गारच्या सागरी लढाईत १८०५ साली ब्रिटिश सेनापती नेल्सन धारातीर्थी पडल्यावर ज्यानं आरमाराची सूत्रं हाती घेतली, तो कॉलिंगवुड न्यूकॅसलचा आणि त्याचंही नाव कथबर्ट. स्कॉटलंडमधलं कर्कूब्री हे गाव म्हणजे मुळात ‘कथबर्टचं चर्च’.

मग नावाला दृष्ट लागली. पहिल्या महायुद्धात, सैन्यात जायचं टाळून सरकारी कचेरीत खुर्ची पकडून बसलेल्या तरुणांना वर्तमानपत्रांनी ‘कथबर्ट’ म्हणायला सुरुवात केली. हे मला अन्यायाचं वाटतं. उत्तरेच्या शेतकऱ्याचं, दर्यावर्दीचं नाव भित्र्या कारकुनाची शिवी होऊन बसलं. त्याआधीही ते जुनाट वाटू लागलं असेल, पण असा शिक्का बसल्यावर कोणते आईबाप ते बाळाला ठेवतील? अलीकडे सुरवंटाच्या आकाराच्या एका केकला एका सुपरमार्केटनं हे नाव दिलं. २०२१ मध्ये दुसऱ्या दुकानसाखळीनं त्या केकवरून दावा लावला, आणि देशभर कथबर्टची चर्चा झाली ती केक म्हणून!

तरी मला आशा आहे. आर्थर हे नावही मध्यंतरी आजोबांच्या पिढीचं मानत. आता ते इंग्लंडमधल्या मुलांच्या पहिल्या दहा नावांत जाऊन बसलंय. कथबर्टला तर कडीसारखं सुटसुटीत लाडकं रूप आयतं तयार आहे. डरहॅमच्या एखाद्या जोडप्यानं ते मनावर घ्यावं, एवढंच हवंय.