साडेअडतीसचे अडतीस

मोठी आई ५७ वर्षांची. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बाकी बायांसारखी तीही हंगामात कापूस वेचायला जाते. संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावर एकेक गाठोडं ताणकाट्याला लागतं, कास्तकार आकडा सांगतो, कोणीतरी तो वहीत लिहितं. किलोमागे ८ रुपये. मागच्या दिवाळीनंतर ती एका रात्री समाजमंदिरात आली. तिथे मी पोरांचा अभ्यास घेतो. दारातूनच म्हणाली, "मले त्या काट्यावरचे आकडे शिकव. बाकी काई नोको."

प्रौढांचा वर्ग गावात पूर्वीही भरला होता. ती दोन दिवस गेली अन् थांबली. "क कमळाचा वाचून मी काय करू, बाप्पा?" असं तेव्हा म्हणाली होती. आम्ही सगळ्यांनी तेव्हा ठरवून टाकलं की हिला शिकायचंच नाही. ते चूक होतं, हे मला आज फार लागतं.

मी काटा मागून आणला आणि खिडकीच्या गजाला टांगला. विटा तोलल्या, दप्तरं तोलली, शेवटी शेजारचं दोन वर्षांचं पोट्टं झोळीत घालून तोललं. तोंडी हिशेब तिचा माझ्यापेक्षा पक्का. अडत होतं ते फक्त काट्यावरच्या इंग्रजी आकड्यांपाशी आणि दोन आकड्यांमधल्या बारीक रेघांपाशी. अकराव्या दिवशी तिने वावरात सगळ्यांसमोर सांगितलं, "अडतीस नाई, साडेअडतीस हाय." कास्तकाराने पुन्हा पाहिलं आणि वहीत खोडून लिहिलं. ३०४ चे ३०८ झाले. चार रुपयांसाठी तिचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. चार रुपयांसाठी तो नव्हताच म्हणा.

त्या रात्री मला माझा वर्ग नव्याने दिसला. सुरुवातीला मी पोरांना धडा वाचला की बिस्किटाचा पुडा द्यायचो. १७ पोरं यायची. कापसाचा भाव पडला, पुडे बंद झाले, चार उरली. मला वाटलं पोरांना गोडी नाही. पुढे १९७३ साली छापून आलेला एक अमेरिकन प्रयोग वाचनात आला. लेपर, ग्रीन आणि निसबेट यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांपेक्षा जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. म्हणजे आधीच कबूल केलेलं बक्षीस आवडीच्या कामाचीही मजुरी करून टाकतं. माझ्या पुड्यांनी तेच केलं असेल, असं मला वाटतं.

आमच्या शेजारच्या वर्ध्यात १९३७ च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिकण्याचा विचार मांडला, ते शाळेत मी पाठ केलं होतं. समजलं ते खिडकीच्या गजाला लटकलेल्या काट्यापाशी.

आता पोरं आपापल्या आईची वेचाईची वही घेऊन येतात. सातवीतली एक पोरगी अख्ख्या आठवड्याचा हिशेब लावते आणि चूक सापडली की धावत घरी जाते. पुडा कोणी मागत नाही. काही पोरं अजूनही येत नाहीत. त्यांच्या घरी नेमकं काय अडलंय ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन बसतो.

परवा मोठी आई बचत गटाचं पासबुक घेऊन आली. गटाचं कर्ज महिन्याला शेकडा दोनने आहे. तिने विचारलं, "शेकडा दोन म्हंजे वर्साले चोवीस ना? मंग मी मधातच अर्धे भरले तं?"

गुरुवारी त्यावर बसायचं ठरलंय. चिंचोके जमा करायला पोरांना सांगितलंय, शंभर तरी लागतील.