तास १९ ते २६ : दुडकीशी तह

इंदूरात घोडेस्वारी शिकतोय, तासातासाची ही नोंद. मागच्या नोंदीत कँटरबद्दल, म्हणजे दुडकीपेक्षा वेगाच्या, झोके घेणाऱ्या धावेबद्दल लिहीन म्हणालो होतो. मंडळी, ते राहिलं. हे आठही तास दुडकीतच, म्हणजे घोड्याच्या उसळत्या, मधल्या वेगाच्या चालीतच गेले.

तास १९ : फजिती. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळला, डावा पाय रिकिबीत घातला, अंग वर उचललं आणि खोगीर माझ्यासकट माझ्या घोड्याच्या, मोतीच्या, कुशीवर ओघळलं. तंग बांधताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात. म्हणून चार पावलं चालवून तो पुन्हा एक-दोन भोकं आवळायचा असतो. हे मला तोंडपाठ आहे, पण पहाटेच्या थंडीत घाई नडली. मोती बिचारा जागचा हलला नाही. घोड्याची निगा राखणारा मोतद्दार मात्र आठवडाभर हसत होता.

तास २० आणि २१ : साध्या चालीत घोड्याचे चार पाय एकेक करून पडतात. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. त्यामुळे वर बसलेला माणूस नुसता डुलतो. दुडकीत तिरपी जोडी एकदम पडते, म्हणजे मागचा डावा आणि पुढचा उजवा. मग क्षणभर चारही पाय अधांतरी, मग दुसरी जोडी. दर ठोक्याला घोड्याची पाठ आपल्याला वर फेकते आणि आपण खाली येईतो ती पुन्हा वर आलेली असते. त्या दोन दिवशी राजवाड्यावरचे पोहे मी उभ्यानेच खाल्ले, यावरून काय ते समजा.

(हे 'अधांतरी' प्रकरण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिजने कॅमेऱ्यांची रांग लावून धावत्या घोड्याची चित्रं टिपली तेव्हा ते पक्कं झालं. गंमत म्हणजे भरधाव घोड्याचे चारही पाय जमीन सोडतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. जुने चित्रकार मात्र पुढचे पुढे, मागचे मागे असे फाकवून काढत आले होते.)

यावरचा उतारा म्हणजे एका ठोक्याला उठायचं, पुढच्याला बसायचं. मी उठत होतो, पण पायांच्या जोरावर. तोल गेला की लगाम ओढायचो, म्हणजे माझा तोल मोतीच्या तोंडात. तो मान झटकायचा, मी आणखी घट्ट धरायचो. शेवटी शिकवणारे उस्ताद ओरडले, "भिया, लगाम है, बस का डंडा नहीं!" आणि त्यांनी रिकिबी काढून घेतल्या. लगामाला गाठ मारून मानेवर टाकला. लांब दोरीवर गोल गोल फिरायचं, हात कमरेवर.

तास २२ ते २४ या दोरीवर गेले आणि खरी शिकवणी तीच. पहिला सगळा तास नुसती चाल. डोळे मिटायचे आणि मागचा डावा पाय पुढे येतोय तेव्हा 'डावा' म्हणायचं. सुरुवातीला मी शुद्ध अंदाज ठोकत होतो. मग कळलं की तो पाय उचलून पुढे येताना घोड्याचं पोट उजवीकडे झुलतं आणि आपलं डावं ढुंगण किंचित खाली जातं. एवढंच! एकदा ते जाणवलं की घोडा चालताना वाचता येतो. मांड (घोड्यावरची बैठक) पक्की म्हणजे मांड्या आवळणं, हा माझा समज याच तासाला गेला. मांड्या आवळल्या की माणूस कपड्याच्या चिमट्यासारखा वर सरकतो.

तास २५ : रिकिबी परत. आता कोणत्या जोडीवर उठायचं, हा प्रश्न. गोलात फिरताना घोड्याचा बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे जातो तेव्हा उठायचं. त्याच वेळी आतला मागचा पाय हवेतून पुढे येत असतो. आपलं वजन पाठीवर नसल्यामुळे तो पोटाखाली खोल पडतो, आणि वळणावर ढकलायचं काम त्याचंच. चुकलात तर एक ठोका जास्त बसा, जोडी बदलते. उजव्या फेरीत मला खांद्याकडे न बघता चारांत तीनदा जमतं. डाव्या फेरीबद्दल न बोललेलं बरं.

घरी येऊन २०२३च्या हांगझाऊ आशियाई खेळांतली ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा, पुन्हा पाहिली. भारताच्या संघाला सुवर्ण मिळालं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी, आणि त्या संघात आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. तेव्हा मी नुसत्या टाळ्या वाजवल्या होत्या. आता तिची कंबर पाहत बसलो. दुडकीत ती उठतच नाही, आणि तरी तिच्यात आणि खोगिरात फट दिसत नाही. शांत दिसते, पण कंबर प्रत्येक ठोका पिते आहे. होळकरांच्या राज्यात जन्मून आपण अजून बारगीर, पागेच्या घोड्यावर बसणारे. स्वतःचा घोडा बाळगणारे शिलेदार होणं या खिशाला तर शक्यच नाही.

तास २६ : दुडकी बरी चालली होती. कोपऱ्यात माझी बाहेरची टाच नकळत तंगाच्या मागे गेली. मोतीने तो हुकूम समजला आणि कँटर घेतला. तीन ठोके आणि मग एक पोकळी, तीन ठोके आणि पोकळी, झोपाळ्यासारखं. पाच-सहा ढांगा असतील. उस्तादांनी हात वर केला, मोती आपणहून थांबला. कुठल्या पायावर होता, म्हणजे कँटरमध्ये कुठला पुढचा पाय आघाडीला होता, असं त्यांनी विचारलं. मी अजून आयाळ धरून होतो.