पीडीएफमध्ये रंग बदलला? आधी आकडे बघा

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ घ्या. पडद्यावर गडद निळं आकाश, त्यात केशरी कंदील, खाली काळ्या अक्षरांत मजकूर. इनडिझाइनमधून (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) पीडीएफ काढली की आकाश जांभळट, कंदील मळकट आणि काळा राखाडी. तिन्हींना आपण एकच म्हणतो, 'कलर गेला'. पण दुखणी तीन वेगळी आहेत आणि एका सेटिंगने तिन्ही बरी होत नाहीत.

आधी ठरवायचं ते एवढंच: रंगाचे आकडे बदललेत, की नुसतं दिसणं? ते नजरेने कळत नाही. ॲक्रोबॅट प्रोमध्ये पीडीएफ उघडा, प्रिंट प्रॉडक्शनमधून आउटपुट प्रिव्ह्यू लावा आणि कर्सर काळ्या अक्षरावर न्या. तिथे चार शाईंचे टक्के दिसतात: सायन (सी), मॅजेंटा (एम), पिवळा (वाय) आणि काळा (के). सी, एम, वाय शून्य आणि के १०० आलं, तर फाइल चोख आहे. इनडिझाइन मुळात सगळे काळे पडद्यावर गर्द करून दाखवतं. ॲक्रोबॅटचा प्रिव्ह्यू नुसत्या काळ्या शाईचा काळा दाखवतो, म्हणून तो फिका वाटतो. इनडिझाइनच्या प्रेफरन्सेसमध्ये अपिअरन्स ऑफ ब्लॅक 'ॲक्युरेटली' करून ठेवा, ही शंका पुन्हा येणार नाही.

कर्सरखाली ७५, ६८, ६७, ९० असे आकडे आले तर मात्र काम अडलं. आरजीबीतला, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशातला काळा यूएस वेब कोटेड स्वॉप प्रोफाइलमधून (प्रोफाइल म्हणजे कोणत्या छपाईत रंग कसा उतरेल याचा तक्ता) सीएमवायकेत, म्हणजे चार शाईंत आला की हेच आकडे निघतात. बेरीज ३०० टक्के. म्हणजे ९ पॉइंटचं अक्षर चार प्लेटांवर गेलं, आणि मशीनवर रजिस्टर (चार प्लेटांची एकमेकींवरची जुळणी) केसभर हललं तरी वेलांटी-उकाराला रंगीत कडा येणार. हा काळा बहुतेक वेळा वर्डमधून मजकुरासोबत येतो. इनडिझाइनच्या स्वॉचेस पॅनेलमध्ये (फाइलमधल्या रंगांची यादी) ॲड अननेम्ड कलर्स करा, आरजीबीचा काळा स्वॉच शोधा, तो डिलीट करताना बदली म्हणून मूळ ब्लॅक द्या. सगळा मजकूर एका फटक्यात सुधारतो.

कधी डॉक्युमेंटमध्ये के १०० असतं, पण पीडीएफमध्ये चार रंग निघतात. मग एक्स्पोर्टच्या आउटपुट टॅबमध्ये बघा. तिथे साधं कन्व्हर्ट टु डेस्टिनेशन असेल आणि डेस्टिनेशनचं प्रोफाइल डॉक्युमेंटपेक्षा वेगळं असेल, तर सीएमवायकेचंच पुन्हा सीएमवायके होतं. काळा चार शाईंत फुटतो. कंदिलाच्या एम ६०, वाय १०० या स्वच्छ केशरीत थोडा सायन शिरतो, आणि केशरी मळायला तेवढा पुरतो. तिथे प्रिझर्व्ह नंबर्स लिहिलेला पर्याय निवडा. मग अक्षरं आणि इनडिझाइनमध्ये भरलेले सपाट रंग जसेच्या तसे राहतात, आरजीबी फोटो तेवढे बदलतात.

निळ्याचं दुखणं एक्स्पोर्टचं नाहीच. आरजीबीचा ०, ०, २५५ निळा याच स्वॉप प्रोफाइलमध्ये साधारण सी ८८, एम ७७ होतो. सायन आणि मॅजेंटा इतके जवळ आले की कागदावर जांभळाच येणार. दोघांत किमान ३० टक्क्यांचं अंतर ठेवा. सी १००, एम ६५ पासून सुरुवात करा, गडद हवा तर के १० ते २० घाला. आणि काम सुरू करतानाच व्ह्यूमधून प्रूफ कलर्स (छापील रंगाचा पडद्यावरचा अंदाज) चालू ठेवा. पडद्यावरचा झगझगीत निळा शाईत नाहीच, हे संपादकांना शेवटच्या दिवशी सांगण्यात अर्थ नसतो.

रंग एकाच जोडपानावर बदलला असेल, तर तिथे सावली किंवा ट्रान्स्परन्सी आहे का पाहा. एडिट मेनूत ट्रान्स्परन्सी ब्लेंड स्पेस (पारदर्शक थर कोणत्या रंगपद्धतीत मिसळायचे ते) आरजीबीवर राहिली की त्या जोडपानाचा सगळा रंग सरकतो. ती 'डॉक्युमेंट सीएमवायके' करा.

कोरलड्रॉवाल्यांनी पब्लिश टु पीडीएफच्या सेटिंग्जमध्ये कलर टॅब बघावा. 'नेटिव्ह' ठेवलं तर आरजीबी आणि सीएमवायके दोन्ही खिचडीसारखे फाइलमध्ये जातात. सीएमवायके निवडा, पण त्याआधी फाइंड अँड रिप्लेसने आरजीबी काळा के १०० करून घ्या, नाहीतर तोही चार रंगांत जाईल.

प्रोफाइल कोणतं, हे प्रेसला विचारा. स्वॉपमधलं 'वेब' म्हणजे रिळावर छापणारं वेब ऑफसेट, आणि तेही अमेरिकेतलं. ते अनेक फाइलींत दिसतं ते केवळ कुणी बदललं नाही म्हणून. आर्ट पेपरसाठी कोटेड फोग्रा ३९ हे प्रोफाइल त्यापेक्षा बरं. आतली पानं मॅपलिथोवर (बिनलेपाच्या कागदावर) असतील तर त्यांना अनकोटेड प्रोफाइल हवं; मुखपृष्ठाचं आत चालवू नका. त्या कागदात शाई मुरते, फोटो काळवंडतात.

राहता राहिला व्हॉट्सॲपवरचा निरोप, 'रंग फार भडक आलाय'. मोबाईलवरची बरीच ॲप्स सीएमवायके प्रोफाइल पाळत नाहीत, त्यामुळे तिथे हिरवा-निळा चमकतो. मजकूर तपासायला वेगळी एसआरजीबी (पडद्यासाठीच्या रंगांतली) जेपीईजी पाठवा, आणि रंगाची मंजुरी प्रेसच्या कागदी प्रूफवर (छपाईआधीच्या नमुन्यावर) सहीनिशी घ्या. मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन असेल तर प्रूफवरही ते करून मागा. मॅटखाली रंग आणखी थोडा दबतो.