लोशनची बाटली आणि किचनमधला काटा

क्रीम-लोशनमधलं केमिकल अंगात किती जातं ते कसं मोजतात हे डोक्यात होतं, म्हणून आज सुट्टीत बसल्या बसल्या एक उद्योग केला, केकसाठी घेतलेला डिजिटल काटा काढला आणि अंगाला लोशन लावायच्या आधी आणि नंतर बाटलीचं वजन केलं. ४१२ ग्रॅमची ४०४ झाली, म्हणजे ८ ग्रॅम! आईने विचारलंच, "अगं तो काटा पिठाचा आहे ना?"

पण गंमत म्हणजे युरोपात सुरक्षितता तपासताना बॉडी लोशनचा अंदाज दिवसाला ७.८२ ग्रॅमच धरतात. मग त्यात केमिकल किती टक्के, त्वचेतून आत किती जातं, याला गुणायचं आणि माणसाच्या वजनाने भागायचं, झाला हिशोब. हा कागदावरचा. दुसरा मार्ग सरळ लघवी तपासायचा, कारण पॅराबेन (क्रीम-शॅम्पू खराब होऊ नयेत म्हणून घालतात ती केमिकल) वगैरे शरीरात साठून राहत नाहीत, एकदोन दिवसात बाहेर पडतात. कॅलिफोर्नियातल्या सलिनासमध्ये १०० मुलींना फक्त ३ दिवस लेबलवर ही केमिकल नसलेले शॅम्पू, साबण, मेकअप दिले होते, २०१६ मध्ये निकाल छापून आला, लघवीतलं मिथाइल पॅराबेन ४४ टक्के आणि ट्रायक्लोसान (जंतू मारणारं केमिकल) ३६ टक्के कमी. तीनच दिवसात हो! आणि एवढं करून दोन पॅराबेन उलट वाढलेच, लेबल वाचून घेतलेल्या वस्तू असून.

आमच्या बाथरूममध्ये मोजल्या तर १४ बाटल्या-ट्यूबा निघाल्या, त्यातल्या ५ची लेबलं पाण्याने पुसलेली. आई म्हणते डाळीच्या पिठाला लेबल लागतच नाही. आता काय बोलणार?