आमची वाटचाल : दोन लेन्सा, एक बॉडी आणि एक वही

परळला बाबांचा गाळा होता, दहा बाय बाराचा. मागे निळा पडदा, दिव्यांच्या दोन छत्र्या, मधे एक स्टूल. पासपोर्ट फोटो हाच धंदा. फोटो बरा आला नाही की बाबा कॅमेऱ्याकडे बघायचेच नाहीत, गिऱ्हाइकासकट स्टूल वीतभर सरकवायचे.

२००९ मध्ये दुकान माझ्याकडे आलं. तोवर मोबाईलने पासपोर्ट फोटोचा धंदा खायला सुरुवात केली होती, म्हणून मी आणि धाकट्या भावाने लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचं ठरवलं. निकॉनचा डी-९० कॅमेरा घेतला, सोबत त्याच्याबरोबर मिळणारी १८-१०५ ची झूम, म्हणजे किट लेन्स. दिवसाउजेडी हळदीचे फोटो असे यायचे की आम्हीच आमच्यावर खूश.

दोन वर्षांनी दादरच्या एका हॉलमध्ये ती खुशी उतरली. शेवटचं मंगलाष्टक संपत आलेलं. स्टेजवर भटजी, दोन्हीकडचे मामा, करवल्या आणि व्हिडिओवाल्याचा हॅलोजन, त्यामुळे मी खाली, लांब. ‘शुभमंगल सावधान’ झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या आणि मुलीने मान वर केली. हे सगळं मिळून फार तर अर्धा सेकंद चालतं. आधीच्याच फ्रेमला मारलेला फ्लॅश अजून भरत होता. झूम १०५ वर, म्हणजे लेन्स एफ/५.६ च्या पुढे उघडायला तयार नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी). आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदना, १६००; शटर १/३० सेकंद. हवेतल्या अक्षतांच्या रेघा आल्या आणि मुलीचा चेहरा पुसल्यासारखा आला.

अल्बम द्यायला गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांनी त्या पानावर नुसतं बोट ठेवलं, मग पान उलटलं. उरलेले पैसे पूर्ण दिले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

गल्ल्यात तेव्हा पंचावन्न हजार होते. भावाचं मत ठाम: नवी बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा. डी-७००० बाजारात आलाच होता, १२ ऐवजी १६ मेगापिक्सेल, अंधारात फोटोत दाणे कमी. मलाही मोह होता, खोटं कशाला बोलू. नवी बॉडी गळ्यात दिसते. लेन्स कितीही भारी असली तरी लग्नघरात कोणाला कळत नाही.

मग एका रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही अकरा लग्नांचे बाद फोटो उघडून बसलो. प्रत्येक फाईलमध्ये फोकल लेंथ (झूम किती), ॲपर्चर (लेन्स किती उघडी), शटर नोंदलेलं असतंच. मी वाचायचो, भाऊ वहीत लिहायचा आणि शेवटच्या रकान्यात बाद होण्याचं कारण. संध्याकाळपर्यंत तो रकाना एकाच वाक्याने भरला: झूम टोकाला, लेन्स पूर्ण उघडी, तरी शटर हळू. मेगापिक्सेल कमी पडले म्हणून वाया गेलेला एकही फोटो सापडला नाही.

हिशेब सोपा होता. एफ/५.६ वरून एफ/२.८ वर आलं की दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजेड. १/३० च्या जागी १/१२५ मिळतं. नवी बॉडी आम्हाला जेमतेम एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेडाइतकाच फायदा देणार होती. तरीही हिशेबावर भरवसा ठेवून पैसे मोजले नाहीत. अंधेरीतून लांबचं जवळ आणणारी ८०-२०० एफ/२.८ लेन्स दोन दिवस भाड्याने आणली आणि खरं लग्न काढून पाहिलं. मगच फोर्टात जुन्या वस्तूंच्या दुकानांतून तीच लेन्स शोधली आणि उरलेल्या पैशांत ५० एमएम एफ/१.८ घेतली.

मुंबईत जुनी लेन्स घेताना हातातली बॅटरी (टॉर्च) सगळ्यात उपयोगी. मागून उजेड टाकायचा, लेन्स तिरकी धरायची आणि काचांच्या आत बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी. दुकानदार कितीही म्हणाला ‘धूळ आहे साहेब’, तरी पुढच्या दुकानात जायचं. चौथ्या दुकानातली साफ निघाली. ती घरी आणल्यावर बायकोचा मोठा हवाबंद डबा गेला, त्यात ओल शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रतेचा काटा आला. काटा पन्नासच्या आसपास ठेवायचा हा जून ते सप्टेंबरचा आमचा नेम.

त्या लेन्सने धंदा फिरवला, पण सव्वा किलोच्या वर वजन, रात्री हात उचलत नसे. आणि ती चाळीतल्या खोलीत निरुपयोगी. डी-९० चा सेन्सर लहान, त्यामुळे ५० सुद्धा ७५ सारखी वागते; केळवणाचा फोटो काढायला मला गॅलरीत जाऊन कठड्याला पाठ लावावी लागायची. म्हणून टोकिना कंपनीची, जवळूनही सगळी खोली मावणारी ११-१६ घेतली. किट लेन्स सोडून तीन लेन्सा झाल्या, बॉडी तीच.

एवढं वाचून कोणी ‘बॉडी कधीच बदलू नका’ असा अर्थ काढेल. २०१४ च्या मोसमात एका साखरपुड्याचं मेमरी कार्ड संगणकाने वाचेनाच. डी-९० मध्ये कार्डाची जागा एकच. फाईली परत मिळवून देणाऱ्याकडून बऱ्याचशा निघाल्या, तोवर तीन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. पुढच्या वर्षी डी-७५० घेतला. लोकांना वाटलं फुल फ्रेमसाठी, म्हणजे मोठ्या सेन्सरसाठी. मी घेतला दोन कार्डांसाठी. ११-१६ लहान सेन्सरसाठीची, त्यावर लावली की कोपरे काळे, १६ वर ठेवली तरच चालायची. बॉडी बदलली की लेन्सांचं गणित पुन्हा मांडावं लागतं, ते असं कळलं.

लॉकडाऊनमध्ये लग्नं पन्नास माणसांची झाली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. हप्ते भरले, एवढंच.

त्यानंतर नाटकांच्या फोटोंचं काम वाढलं. माटुंग्याला यशवंत नाट्यमंदिरात रंगीत तालीम चालू, रंगमंचावर शांतता, आणि माझा शटर खटॅक. एका ज्येष्ठ नटाने वाक्य थांबवून नुसतं माझ्याकडे बघितलं. तेव्हा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, आवाज बंद करता येणारा कॅमेरा घेणं भाग पडलं, निकॉनचाच झेड-६ टू. अडॅप्टरने, म्हणजे मधे लावायच्या जोडणीने, जुन्या लेन्सा लागतात, हे दुकानात ऐकलं आणि पुढे वाचलंच नाही. आमच्या ८०-२०० ला फोकसची मोटर नाही, ती बॉडीतल्या मोटरवर फिरते. अडॅप्टरमध्ये तशी मोटर नसते. म्हणजे लेन्स लागते, फोकस हाताने. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं होतं, चूक माझी. शिवाय आवाज बंद केला की काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात, तेही तालमीतच कळलं. आता आधी दिवे विचारतो.

८०-२०० अजून डी-७५० वरच असते. त्या बॉडीचं शटर कंपनीने दीड लाख फोटोंपर्यंत तपासलेलं, आमचं केव्हाच त्यापुढे गेलंय आणि चालतंय. भाऊ त्या जागी नवी बॉडी मागतोय, म्हणून तुळशीच्या लग्नाआधी वही पुन्हा काढली. गेल्या मोसमाचे बाद फोटो, तेच रकाने. कारणाच्या रकान्यात या वेळी त्याच्याच अक्षरात जास्त वेळा आलंय: ‘मधे डोकं’, ‘मधे मोबाईल’, ‘मधे मामा’.

गेल्या आठवड्यात दोन पायऱ्यांचं घडीचं ॲल्युमिनियमचं स्टूल घेतलं. टेम्पोत ते ट्रायपॉडच्या पिशवीशेजारी बसतं.