पास

गोव्याच्या पार्किंगमध्ये एमएच ०९ ची गाडी दिसली की कोल्हापूरचा माणूस शेजारून नुसता जात नाही. काचेवर टकटक करून विचारतो, "कोल्हापूर पासिंग?" आतला म्हणतो, "होय भावा." मग गाव, तालुका, पेठ, तालीम अशी चौकशी होते आणि पाचव्या मिनिटाला कुणाचा तरी मेहुणा दोघांच्याही ओळखीचा निघतो. गाडीची नोंदणी वगैरे कुणी म्हणत नाही. पासिंग. हा शब्द आता माणसांनाही लागतो. लग्नात नवरीकडचे कुठले, असं विचारलं तर एखादा आगाऊ मुलगा सांगतो, "एमएच १० पासिंग." म्हणजे सांगली.

खरं पासिंग काय असतं ते मात्र रिक्षावाल्याला विचारावं. भाड्यानं चालणाऱ्या नव्या गाडीला पहिली दोन वर्षं निवांत असतात. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ती आरटीओपुढे तपासणीला उभी करावी लागते. पासिंगच्या आदल्या दिवशी गॅरेजात पत्रा ठोकून घ्यायचा, रंगाचा एक हात मारायचा, मागं लाल आणि पुढं पांढरी रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवायची. वर्षभर मुका असलेला हॉर्न त्या दिवशी बोलायला लागतो. औषधाची पेटी शेजारच्या रिक्षातनं उसनी येते आणि संध्याकाळी परत जाते. रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरवणारं हे गाव, त्यामुळं नटवायला कुणी कमी पडत नाही. पण स्पर्धेचा थाट वेगळा आणि पासिंगची धडधड वेगळी. त्या सकाळी रिक्षावाल्याचा चेहरा दहावीच्या निकालाला बसलेल्या पोरासारखा असतो.

तिथंही शब्द तोच. पस्तीस मार्कांना पास, आणि छत्तीस-सदतीस पडले तर 'काठावर पास'. हे काठावरचं मला फार आवडतं. इंग्रजाला हे सुचलं नसतं. त्याला नदीकाठी राहून पावसाळ्यात पाणी किती चढलं ते बघत बसायची सवय नव्हती. आणि 'नापास' तर कमालच आहे. पास इंग्रजी, त्याच्या आधी जोडलेला 'ना' नाराज-नापसंतमधला, फारसीतनं आलेला, आणि दोघांचा संसार मराठीत. इंग्रजीतला 'फेल' आपल्याकडं आहे, पण त्याचं खातं निराळं. ब्रेक फेल होतो, किडनी फेल होते, बोअर फेल जातं. नापास फक्त माणूस होतो. ब्रेक नापास झाला असं कुणी म्हणत नाही, कारण ब्रेकला घरी जाऊन वडिलांना तोंड दाखवायचं नसतं.

या शब्दाचं मूळ लॅटिन 'पासुस' म्हणजे पाऊल. तिथनं फ्रेंचमध्ये आणि पुढं इंग्रजीत. पाऊल टाकलं की माणूस पुढं सरकतो, मग वेळ सरकते, चेंडू सरकतो, कागद सरकतो. पासपोर्ट आणि पॅसेंजर त्याच घरातले. बँकेचं पासबुकही खातेदार आणि बँक यांच्यामध्ये ये-जा करायचं म्हणून पासबुक. आणि फ्रेंचांचा 'पास-ताँ' म्हणजे वेळ घालवण्याची गोष्ट. इंग्रजांनी त्याचा 'पास्टाइम' केला, आपण तो उलटा करून 'टाइमपास' केला आणि रंकाळ्यावर शेंगा खात बसलो. आपला जास्त खपतो.

इंग्रजीत एकाच पासला एवढे अर्थ की डिक्शनरीत पानं भरतात. आपण ती कटकट क्रियापदावर ढकलली. पास होतो, तो पोरगा. पास करतो, तो साहेब. पास काढतात एसटीचा, पास देतात फुटबॉलमध्ये किंवा नाटकाला. नुसतं क्रियापद ऐकलं तरी माणूस शाळेत आहे, कचेरीत आहे की स्टेडियमवर, ते कळतं. विदर्भातल्या शेतकऱ्याची पास वेगळीच. वखराच्या लोखंडी पात्याला तिकडं पास म्हणतात. ती स्त्रीलिंगी, आणि तिचा इंग्रजीशी काडीचा संबंध नाही.

एसटीचा पास बघायचा तर जूनमध्ये सीबीएसवर, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर जावं. राधानगरी, गगनबावडा, भुदरगडाकडची पोरं शाळेचा दाखला आणि फोटो घेऊन खिडकीपुढं उभी असतात. विद्यार्थ्याला भाड्यात ६६.६७ टक्के सवलत, आणि बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतनं पास मोफत. पहिल्या आठवड्यात तो पास नव्या प्लॅस्टिकमध्ये, सरळ, कोरा असतो. दिवाळीपर्यंत प्लॅस्टिक पिवळं पडतं, कोपरे दुमडतात आणि फोटोतला पोरगा ओळखू येईनासा होतो. कंडक्टर "पास?" म्हणतो, पोरगा खिशाकडं हात न नेता नुसती हनुवटी वर करतो, कंडक्टर पुढं सरकतो. रोजच्या गाडीवर ही हनुवटीच पास असते. कंडक्टर बदली आला की सगळ्या गाडीची धांदल उडते.

फुटबॉलमधला पास सांगायला मी अधिकारी नाही, पण कोल्हापुरात त्यावाचून कुणाचं अडत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना असला की मैदानात बावीस खेळत असतात आणि गॅलरीतले सगळे पास देत असतात. "अरं लगा, डावीकडं मोकळा हाय की!" "एकटाच कुठं नेतोयस, घराकडं?" २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच जिल्ह्यातला, तेव्हा या आरडाओरड्यातनं काही तरी निघतं म्हणायचं. जो पास देत नाही त्याला इथं 'हावरा' म्हणतात. पंक्तीत जो वाढप्याला पुढं सोडत नाही त्यालाही हाच शब्द आहे, म्हणून तो जास्त झोंबतो.

'बायपास' घरात उच्चारला की आधी कुठला ते विचारावं लागतं. "मामांचं बायपासचं काय झालं?" याला "शिरोलीजवळ पाणी आलंय" हे उत्तर असू शकतं आणि "परवा ॲडमिट व्हायचंय" हेही असू शकतं. गंमत म्हणजे दोन्हीचं काम एकच: मधली वाट तुंबली, आता बाजूनं चला. हृदयाच्या बाबतीत बाजूची वाट करायला बऱ्याचदा पायातलीच शीर काढून वापरतात. रस्त्याच्या बाबतीत तेवढी सोय नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीपाशी महामार्गावरच पंचगंगेचं पाणी आलं आणि ट्रकांच्या रांगा लागल्या. पर्यायी रस्त्याला पर्याय काय, हे कुठल्याच डॉक्टरला सांगता आलं नसतं.

एक पास मात्र आपण घेतला नाही. डोंगरातल्या वाटेला इंग्रजीत पासच म्हणतात. पण आपल्याकडं आंबा घाट होता, करूळ घाट होता, आणि विशाळगडाच्या वाटेवरची खिंड होती. १६६० च्या जुलैत बाजीप्रभूंनी लढवली ती. तिथं पास घालून बघा, वाक्यच खाली बसतं. ज्या जागी आपला शब्द रक्तानं लिहिलेला होता तिथं पाहुण्याला पाट मांडायची गरज पडली नाही.

आता नव्या पिढीनं आणखी एक आणलाय. पुण्यात आयटीत असलेला भाचा गेल्या रविवारी आला होता. ताटात सुकं मटण, वाट्यांत तांबडा-पांढरा, आई वाढायला उभी. दुसऱ्यांदा पांढऱ्याचा डाव पुढं आला तसा हा हात आडवा करून म्हणाला, "आजी, मी पास."

आई थांबली. "कशात?"

"कशात नाही गं. पास म्हणजे मला नको."

"मग नको म्हणावं की सरळ," असं म्हणत तिनं डाव वाटीत रिकामा केला. "आणि नको म्हटलास तरी मी वाढणारच होते."